आईच्या कादंबरीचं शेवटचं पान

आईच्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण मी गाडीच्या टपावर ठेवलं आणि गाडी चालू केली. याहून सरळ मला ते सांगता येत नाही. लायसन्स मिळून जेमतेम तीन आठवडे झाले होते. न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेच्या लायब्ररीतून बाहेर आलो तेव्हा थंडीनं बोटं वळत नव्हती, किल्ली खिशात खोल गेलेली, ती काढायला म्हणून हातातलं पानांचं पाकीट क्षणभर वर ठेवलं. पुढच्या सिग्नलजवळ मागच्या गाडीतली बाई हॉर्न वाजवायला लागली, तेव्हा मला वाटलं तिला माझं ड्रायव्हिंग पसंत नसेल. आरशात पाहिलं तर लीगल पॅडची पिवळी पानं एकामागून एक टपावरून उडत होती आणि रस्त्यावरच्या बर्फाच्या चिखलात बसत होती. बावीसपैकी तीन माझ्या हाती लागली. तिन्हींवर टायरची नक्षी होती आणि शाईची निळी आमटी झाली होती. मी लायब्ररीत गेलो होतो तो त्याच पानांची झेरॉक्स काढायला, म्हणजे यदाकदाचित पानं हरवली तर घरात एक प्रत असावी म्हणून. मशीन बंद होतं. मी उद्या येऊ म्हणून परत फिरलो होतो.

आई कादंबऱ्या लिहायची, हे इथल्या लोकांना सांगितलं की ते 'अरे वा' म्हणायचे आणि मग कसल्या म्हणून विचारायचे, आणि आम्ही तिघंही जरा घुटमळायचो. प्रेमाच्या आणि खुनाच्या. दीडशे-पावणेदोनशे पानांच्या, मुखपृष्ठावर एक घाबरलेली बाई आणि मागं दिवा लागलेली खिडकी. नाशिकला असताना तिच्या अशा अकरा कादंबऱ्या निघाल्या होत्या, आणि वाचनालयात शालिनी खांबेटे हे नाव काढलं की काउंटरवरचा माणूस नंबर लावावा लागेल म्हणून सांगायचा. मी बारा वर्षांचा असताना बाबांच्या नोकरीनं आम्हाला न्यू जर्सीत आणलं. बाबा कामाच्या व्हिसावर आणि आम्ही त्यांना जोडलेले, डिपेन्डन्ट. त्या कागदावर आईला नोकरी करायची मुभा नव्हती. वाचनालयात नंबर लागणारी बाई इथं 'निखिलची आई' झाली. महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीला तिची ओळख तिळगुळाच्या वड्या छान करते अशी करून दिली गेली, तेव्हा ती हसली होती. ते हसू मला तेव्हा खरं वाटलं होतं.

ती ओट्याशी उभी राहून लिहायची. घरात जेवणाचं टेबल होतं, पण त्यावर बाबांचे कागद, माझी पुस्तकं, टपालात येणारी कुपनं असं काय काय पसरलेलं असायचं, आणि आईनं ते कधी सरकवलं नाही. ओट्यावर डाव्या हाताला पॅड, उजव्या हाताला गॅस. तिचं लिखाण आणि स्वयंपाक यांचं काहीतरी आतून जमलेलं होतं. शाळेतून येऊन दार उघडल्याबरोबर रवा भाजल्याचा वास आला तर समजायचं, आज प्रेम चालू आहे. लसणाची फोडणी असली की खून. लसूण जळला तर खुनाचा तपास अडला. मग छतावरचा स्मोक अलार्म केकाटायला लागायचा, बाबा पेपर घेऊन त्याच्याखाली वारा घालत उभे राहायचे, आणि आई त्या गोंगाटात एक ओळ पुरी करून मगच खिडकी उघडायची. एक नियम मात्र कडक होता. शेवटचं प्रकरण प्रकाशकाकडं पोचेपर्यंत घरात कोणी वाचायचं नाही. मी सतरा वर्षांत तो एकदाही मोडला नव्हता, हे माझ्या चारित्र्याचं लक्षण नसून आळसाचं होतं.

मराठी हस्तलिखित इथून पुण्याला पाठवायचं म्हणजे तेव्हा एकच खात्रीचा मार्ग होता, तो म्हणजे जाणारा माणूस. मंडळात कोणी जातंय का इंडियाला, अशी चौकशी सुरू व्हायची, आणि ज्याचं तिकीट निघायचं त्याच्याकडं औषधं, खेळणी, लग्नाचे आहेर असं सगळं गोळा व्हायचं. त्या खेपेला शेजारच्या एडिसन गावातले पेंडसे काका जात होते. त्यांचा दरारा होता. ते प्रत्येक पुडकं स्वतः वजन करून घ्यायचे, अर्ध्या किलोच्या वर नाही, आणि रविवारी दुपारी साडेतीननंतर आलात तर पुढच्या वर्षी या, असं त्यांनी फोनवर आईला सांगितलं होतं. प्रकाशकानं आधीच दोनदा मुदत वाढवून दिली होती, आणि आता पुस्तक वेळेत आलं नाही तर पुढं विचार करावा लागेल असं कळवलं होतं. पाच वर्षांत तिची एकही कादंबरी निघाली नव्हती. 'आठव्या टेबलावरचा चष्मा' ही अमेरिकेत लिहिलेली पहिली; तिची आधीची प्रकरणं अशीच जाणाऱ्यांबरोबर पोचली होती, शेवटचं तेवढं उरलं होतं.

मी पानं उडवली तो शनिवार होता.

आणि त्याच्या आदल्या सोमवारी आई पार्किंग लॉटमध्ये बर्फावरून घसरली होती. उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लॅस्टर.

मी तीन भिजकी पानं तिच्यापुढं धरली तेव्हा ती ओरडेल अशी माझी अपेक्षा होती, काहीशी इच्छाही. ती खुर्चीवर बसली, पानं डाव्या हातानं उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाली, उद्या सकाळी आंघोळ करून बस, मी सांगते, तू लिही. बाबा म्हणाले की त्याचं मराठी सहावीपर्यंतचं आहे. आई म्हणाली, खून सहावीच्या मराठीतही होतो.

आता, माझ्या पोटात त्या आठवड्यात आणखी एक गोष्ट होती, ती इथं सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. मसाल्याच्या ड्रॉवरमध्ये घातलेल्या कागदाखाली मला एक पत्र सापडलं होतं. मी ते वाचलं. (शेवटचं प्रकरण वाचायचं नाही एवढाच नियम होता.) पत्र प्रकाशकाचं होतं. ते बायकांसाठी एक मासिक काढणार होते, त्यांना संपादक हवी होती, आणि शालिनीताई, तुम्ही परत येण्याचा विचार कराल का, असं त्यात विचारलं होतं. पत्राची घडी इतकी वेळा उघडली-मिटली होती की तिथं कागद फाटायला आला होता. आणि दोन दिवसांनी आईचा पासपोर्ट, जो कायम बाबांच्या फाइलमध्ये असायचा, तो तिच्या पर्समध्ये दिसला. मी कोणाला काही बोललो नाही. मी फक्त घरात आईच्या मागं मागं राहायला लागलो, भांडी न सांगता घासायला लागलो, आणि बाबांनी जेवताना आमटीला छान म्हणावं म्हणून त्यांना टेबलाखालून पायानं खुणा करायला लागलो. बाबा पाय मागं घ्यायचे आणि जेवत राहायचे.

रविवारी सकाळी मी टेबलाचा एक कोपरा मोकळा करून बसलो. आई ओट्याशी उभी, डाव्या हातानं कढईत उलथनं फिरवत, आणि तोंडानं सांगत. खून कोणी केला ते पहिल्या तासातच उलगडलं. कादंबरीतल्या महाबळेश्वरच्या हॉटेलात आठव्या टेबलावर मेलेल्या पाहुण्याच्या मृत्यूचा दाखला ज्या डॉक्टरनं दिला, त्यानंच त्याच्या औषधात काहीतरी मिसळलं होतं, आणि हॉटेल मॅनेजरच्या बायकोनं, अवंतीनं, ते चष्म्यावरून ओळखलं. इन्स्पेक्टर देवधरांनी डॉक्टरला धरलं. इथपर्यंत माझी बोटं दुखत होती, पण जीव मजेत होता. आता उरला तो प्रेमाचा भाग. आईच्या प्रत्येक पुस्तकात शेवटच्या पानावर दोन माणसं शेजारी उभी असतात, हे नाशिकच्या वाचनालयातला माणूससुद्धा न वाचता सांगू शकला असता.

आईनं गॅस बारीक केला. म्हणाली, "आधी मी अवंतीला आणि तिच्या नवऱ्याला एकत्र आणलं होतं. ते गेलं पाण्यात, तेच बरं झालं. आता वेगळं सांगते."

आणि तिनं सांगायला सुरुवात केली. अवंती हॉटेलच्या काउंटरवर किल्ल्यांचा जुडगा ठेवते. तिचा नवरा श्रीधर समोरच बसलेला आहे, तो पाहुण्यांच्या नोंदी करतोय, तो वाईट माणूस नाही, त्यानं तिला कधी दुखवलेलं नाही, तो फक्त वर बघत नाही. बाहेर देवधरांची जीप उभी आहे. ते दार उघडून धरतात. अवंती त्यांना नाही म्हणते आणि एक बॅग घेऊन एसटी स्टँडकडं चालत जाते.

माझं पेन थांबलं. खोलीत हीटरचा घूं घूं आवाज येत होता आणि बाबा सोफ्यावर पेपर वाचत होते. वर बघत नव्हते. आई माझ्याकडं पाठ करून, तोंडानं अवंतीला वाईच्या बसमध्ये बसवत होती, आणि मला दिसत होतं की ही बस वाईला नाही, नेवार्क विमानतळाला चालली आहे. मी जर त्या टपावर पाकीट ठेवलं नसतं तर ती दोन माणसं आत्ता सुखानं शेजारी उभी असती. हे मीच केलं होतं, मग निस्तरणंही माझ्याकडंच होतं. सतरा वर्षांच्या डोक्यात गोष्टी अशाच एकापुढं एक उभ्या राहतात. मी पुन्हा लिहायला लागलो. पण आई सांगत होती ते नाही.

मी काय लिहिलं ते मला आजही तोंडपाठ आहे, आणि एक वाचक म्हणून सांगतो, मराठी रहस्यकथेत याहून भयंकर शेवट झालेला नाही. मी लिहिलं: 'अवंती बसमधून खाली उतरली. ती घरी परत आली. श्रीधर खूप रडत होता. अवंतीने हातपाय धुतले आणि कुकर लावला. समाप्त.'

"झालं?" आईनं विचारलं. झालं म्हटलं. ती म्हणाली, "शेवटचं पान वाच."

असा प्रसंग माझ्यावर नंतर कधी आला नाही, आणि मी दोनदा व्हिसाच्या मुलाखतीला उभा राहिलो आहे. मी पान डोळ्यांसमोर धरलं आणि आईचं वाक्य आठवून आठवून म्हणायला लागलो. कागदावर कुकर होता आणि तोंडात एसटी. किल्ल्यांचा जुडगा आठवला. जीप आठवली. बॅग कसली होती? निळी. मध्ये एक शब्द गेला तर आईनं मागे न वळता दुरुस्त केला आणि मी लिहितो म्हणून पेन उगाच कागदावर टेकवलं. तेवढ्यात लसूण जळला, अलार्म केकाटला, आणि बाबा पेपर घेऊन उठले. माझ्या खुर्चीच्या मागेच तो अलार्म होता. ते माझ्या डोक्यावर वारा घालत उभे होते आणि मी वाचत होतो, मोठ्यानं, अलार्मच्या वर आवाज काढून, 'बस वळली, आणि अवंतीनं मागं पाहिलं नाही, कारण मागं पाहण्यासारखं काही राहिलं आहे का, हे तिला आता पुढं जाऊनच कळणार होतं.' डोक्यावरचा वारा थांबला. अलार्म तरीही चालू होता. मी वर पाहिलं. बाबा माझ्या हातातलं पान वाचत होते.

त्यांनी पेपरची घडी केली, खिडकी उघडली आणि आईला म्हणाले की तीन वाजायला आले, पेंडसे थांबायचे नाहीत, मी सोडतो याला. आईनं जेवून जा म्हटलं. बाबा म्हणाले, आल्यावर.

गाडीत मी पाकीट आणि पॅड छातीशी धरून बसलो होतो. बारीक बर्फ पडत होता. दोन सिग्नल गेल्यावर बाबा एडिसनकडं वळायच्या ऐवजी गॅस स्टेशनमध्ये, म्हणजे पेट्रोल पंपावर, घुसले. टाकी जवळजवळ भरलेली होती. आमच्याकडं गॅस आपल्या हातानं भरायचा नसतो, माणूस येऊन भरतो, त्यामुळं तुम्ही काच वर करून गाडीत बसून राहू शकता. बाबांनी त्याला काहीतरी सांगितलं, काच वर केली आणि हात पुढं केला.

"पान दे."

मी दिलं. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचलं, कुकरपर्यंत. मग मधोमध फाडलं आणि तुकडे कोटाच्या खिशात ठेवले.

मी म्हणालो, "बाबा, ती जाणार आहे. तिला पत्र आलंय."

"माहितेय. टपालपेटीतून ते पत्र मीच आणून दिलं तिला."

"आणि पासपोर्ट?"

"तोही मीच काढून दिला. मागितला तिनं."

मला रडू यायला लागलं. मग तुम्ही काही करत का नाही, असं मी विचारलं, बहुधा बरंच मोठ्यानं, कारण नळी लावणाऱ्या माणसानं काचेतून आत पाहिलं. बाबांनी वायपर बंद केले. समोरच्या काचेवर बर्फ साचत गेला आणि बाहेरचं दिसेनासं झालं.

"हे बघ," ते म्हणाले. "ती गेली तर तिच्या शब्दानं जाऊ दे. राहिली तर तिच्या शब्दानं राहू दे. तुझ्या कुकरनं नको." मग खिशातून पेन काढून माझ्या हातात दिलं. "तोंडपाठ आहे ना तुला? आत्ताच म्हणून दाखवलंस. लिही."

पॅड मांडीवर ठेवून मी लिहिलं. थंडीनं पेन चालत नव्हतं, बाबा ते हातात चोळून गरम करून परत द्यायचे. किल्ल्यांचा जुडगा, जीप, निळी बॅग. प्रत्येक वाक्य लिहिताना वाटत होतं की मीच तिचं सामान भरतोय. 'वर बघत नाही' हे वाक्य आलं तेव्हा मी ते गाळलं. बाबा कागदाकडं बघत होते. म्हणाले, "मध्ये एक ओळ राहिली." मी ती लिहिली. घड्याळात तीन वाजून एकवीस मिनिटं झाली होती.

पेंडसे काका ड्राइव्ह-वेमध्ये बूट आपटत उभे होते. बॅगा डिकीत होत्या, कुलपं लागली होती, आणि सत्तर पौंडाच्या बॅगेत आता कागदाचा कपटा मावणार नाही, असं त्यांनी गाडी थांबायच्या आत सांगितलं. बाबांनी आयुष्यात कोणाकडं काही मागितलं नव्हतं. पगारवाढ मागायची म्हटली तरी ते पत्र लिहून फाडून टाकायचे. ते खाली उतरले आणि त्या माणसासमोर जाऊन उभे राहिले, डोक्यावर टोपी न घालता.

"पेंडसे, शालिनीनं पाच वर्षांनी पुस्तक लिहिलंय. हे आज गेलं नाही तर जात नाही. तुमची बॅग उघडायची नसेल तर मला तिकीट काढून यावं लागेल तुमच्याबरोबर, आणि मला रजा नाहीये."

काकांनी बाबांकडं पाहिलं, मग माझ्या सुजलेल्या डोळ्यांकडं. कुरकुरत बॅग उघडली, बदामाची एक मोठी पिशवी काढून काकूंच्या हातात दिली आणि त्या जागी पाकीट बसवलं. "विमानात वाचलं तर चालेल का वहिनींना?" त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, चालेल, फक्त शेवट कोणाला सांगू नका.

घरी आलो तर आईनं ताटं वाढून ठेवली होती. दिलं का, तिनं विचारलं. दिलं, बाबा म्हणाले. आम्ही जेवलो. आमटी खारट होती आणि कोणी काही म्हटलं नाही.

जूनमध्ये ती गेली. बाबांनीच नेवार्कला सोडली, आणि ती दिसेनाशी झाल्यावरही आम्ही दोघं त्या दाराकडं बघत अर्धा तास उभे होतो, मग पार्किंगमध्ये गाडी कुठं लावली ते विसरलो. पुण्यात तिनं ते मासिक सुरू केलं. अकरा महिने राहिली. आम्ही खिचडी खाल्ली, पुन्हा खिचडी खाल्ली, आणि बाबा दर रविवारी फोनवर तिला मासिकाचा खप विचारायचे, कधी येतेस ते कधी विचारायचे नाहीत. मी मागं बसून हातानं खुणा करायचो. पुस्तक आलं, त्याचा शेवट आवडला नाही म्हणून वाचकांनी प्रकाशकाला इतकी पत्रं लिहिली की दुसरी आवृत्ती काढावी लागली. मग पुढच्या मे महिन्यात एक दिवस तिचा फोन आला की मासिकाचं काम आता तिच्या हाताखालची मुलगी बघेल, ती लिहायला मोकळी झाली आहे, आणि न्यू जर्सीत एका बाईचा खून झालेला तिच्या डोक्यात आहे. आली ती केस न रंगवता आली. दुसऱ्या दिवशी तिनं जेवणाच्या टेबलावरचं सगळं उचलून माझ्या खोलीत नेऊन टाकलं आणि तिथं स्वतःचं पॅड ठेवलं. तेव्हापासून आमच्या घरात ओट्याशी उभं राहून जेवतात. बाबांना ते शेवटपर्यंत जमलं नाही, त्यांची ताटली कायम कलती असायची, पण टेबलाकडं त्यांनी कधी बोट दाखवलं नाही. त्या टेबलावर नऊ कादंबऱ्या झाल्या. आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, फोनला सांगते आणि फोन लिहितो. फोन स्वतःच्या पदरचं काही घालत नाही, असं ती माझ्याकडं बघून म्हणते, त्यामुळं तिला किती माहीत आहे याचा मला अंदाज येत नाही. विचारायची हिंमत झालेली नाही. बाबांना विचारलं असतं, पण ते जाऊन दोन वर्षं झाली.

हे सगळं लिहून झाल्यावर मी ते मेधाला, माझ्या बायकोला, वाचून दाखवलं. ती अमेरिकेतच, अल्फारेटाला वाढलेली, मराठी वाचताना तिचा वेग एसटीसारखा, म्हणून मोठ्यानं वाचून दाखवायची आमच्यात पद्धत आहे. कुकरला ती पोट धरून हसली. पेंडसे काकांना हसली. संपल्यावर मात्र तिनं माझ्या हातातले कागद घेऊन परत चाळले, आणि मला वाटलं, आता ही लेखनशैलीवर काहीतरी म्हणणार.

"तू किती घाबरला होतास ते चार पानं लिहिलंयस," ती म्हणाली. "बाबा किती घाबरले असतील, त्याची एक लाइन नाही. अरे, जाणार होती ती त्यांची बायको होती."